उत्प्रेरक संशोधनाची वाट एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेतच अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हरित हायड्रोजनच्या, म्हणजे अपारंपरिक ऊर्जेच्या विजेने पाण्याचे विघटन करून मिळवलेल्या हायड्रोजनच्या, बातम्या हल्ली वारंवार छापून येतात; परंतु त्यामागच्या उत्प्रेरक (स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) संशोधनापर्यंत मराठवाड्यातील विद्यार्थी कोणत्या वाटेने पोहोचतो आणि कोठे अडतो, याची चर्चा क्वचितच होते. ग्रामीण महाविद्यालयात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्याने याविषयी लिहीत आहे.

कागदावर वाट सरळ आहे. बी.एस्सी., एम.एस्सी., मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आणि त्यात कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर दरमहा ३७ हजार रुपयांच्या आधारावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत पीएच.डी. हैदराबादची ही संस्था १९४४ मध्ये तेथील संस्थानाची मध्यवर्ती प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली आणि मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

प्रत्यक्षात मात्र आमच्या मुलांना उत्प्रेरक भेटतो तो दोन गुणांची व्याख्या म्हणून. ज्या युरियाच्या गोणीवर त्यांच्या घरचा ऊस आणि कापूस उभा राहतो, त्यासाठीचा अमोनिया लोखंडाच्या उत्प्रेरकावर तयार होतो आणि त्याला लागणारा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून निकेलच्या उत्प्रेरकावर मिळवला जातो, हे सांगितले की मुले सावरून बसतात. पण उत्प्रेरकाचे पृष्ठफळ किती, अभिक्रियेतून नेमके काय निघाले, हे मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफसारखी उपकरणे त्यांनी एम.एस्सी. होईपर्यंत बहुधा आकृतीतच पाहिलेली असतात. माझा एक विद्यार्थी पहिल्याच प्रयत्नात नेट उत्तीर्ण झाला, तरी संशोधन संस्थेतील त्याचे पहिले सहा महिने उपकरणे हाताळायला शिकण्यातच गेले.

संशोधनाला विषयांची येथे वानवा नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीत जातात किंवा बांधावर पेटवल्या जातात. त्यांतील हेमिसेल्युलोज या शर्करांच्या साखळ्यांनी बनलेल्या घटकापासून आम्लधर्मी उत्प्रेरकाच्या साह्याने फरफ्युराल हे द्रव रसायन आणि त्यापासून पुढे इंधनात मिसळण्याजोगी संयुगे करता येतात. बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) नाव मुद्दाम घेत नाही, कारण तो कारखान्यांच्या बॉयलरलाच हवा असतो. उलट पाण्याच्या विघटनातून एक किलो हायड्रोजन मिळवायला किमान नऊ लिटर पाणी लागते. २०१६ मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील संशोधकाने यांतील कोणता प्रश्न आधी हाती घ्यावा, हे मला तरी उघड वाटते.

म्हणून विनंती अशी की, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांनी आपल्याकडील उपकरणे उन्हाळी सुटीत किमान तीन आठवडे संलग्न महाविद्यालयांतील एम.एस्सी. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने वापरू द्यावीत. त्यांच्या निवासाचा खर्च महाविद्यालयांनी उचलावा. तो स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून अधिक होईल असे वाटत नाही.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई