बिघडलेल्या सर्व्हरकडेच रहदारी वळवणाऱ्या लोड बॅलन्सरबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, तांत्रिक सेवा विभाग

विषय: लोड बॅलन्सरची चुकीची मोजणी आणि त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

आमचे प्रवेशअर्जांचे संकेतस्थळ तुमच्या लोड बॅलन्सरमागे, म्हणजे येणाऱ्या विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे, चार सर्व्हरवर चालते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी रात्री त्यातल्या तिसऱ्या सर्व्हरचा डेटाबेसशी संपर्क तुटला. तो बिघाड आमच्या बाजूचा होता, हे आधीच मान्य करतो. तक्रार आहे ती पुढच्या 40 मिनिटांची. चारातला एक सर्व्हर गेला तर फार तर पाव लोकांना त्रास व्हायला हवा होता. इथे दहातल्या नऊ विनंत्यांना 500 एरर (सर्व्हरमधल्या बिघाडाचा कोड) मिळत होती आणि तुमच्या डॅशबोर्डवर चारही सर्व्हर हिरवे होते. एका विद्यार्थिनीने स्क्रीनशॉट पाठवले आहेत: दहा वेळा 'सबमिट' दाबून दहाही वेळा एरर, अकराव्या वेळी अर्ज गेला.

कारण आम्हीच रात्रभर लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, उपसून शोधले. तुमचा बॅलन्सर 'लीस्ट कनेक्शन्स' पद्धतीवर आहे. ज्या सर्व्हरकडे उघडी कनेक्शन्स सर्वांत कमी, त्याला पुढची विनंती. आमच्या धडधाकट सर्व्हरला एक अर्ज नोंदवायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. तिसरा सर्व्हर 5 मिलिसेकंदांत एरर देऊन मोकळा होत होता. म्हणजे बाकीच्यांचा एक अर्ज होईपर्यंत याने 40 जणांना परत पाठवलेले, आणि मोकळा दिसतो म्हणून पुढचा माणूसही त्याच्याच दारात. उघडी कनेक्शन्स मोजणे म्हणजे सर्व्हरवरचा भार मोजणे, हे गृहीतकच इथे कोसळते. उत्तर काय आले हेही पाहायला हवे ना!

आम्ही तिकीट टाकले तेव्हा तुमच्याकडून उत्तर आले की सरासरी प्रतिसादवेळ उलट कमी झाली आहे. ती कमी होणारच, कारण एरर झटपट जात होत्या. हे वाचून अतिशय वाईट वाटले.

सर्व्हर ठीक आहे का हे तपासणारी तुमची हेल्थ चेक फक्त पोर्ट, म्हणजे कनेक्शन घेण्याचे दार, उघडते का एवढेच पाहते. वेब सर्व्हर चालू होता, त्यामुळे पोर्ट उघडत राहिले. खरे पान मागवून 200, म्हणजे 'सर्व ठीक' हा कोड, येतो का, हे तपासण्याची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे, असे आता सांगण्यात आले. सेवा घेताना कोणी बोलले नव्हते. एचएप्रॉक्सीसारख्या मोफत लोड बॅलन्सर सॉफ्टवेअरमध्येही ती सोय आहे, आणि चालू रहदारीतल्या एरर मोजून सर्व्हर बाजूला काढण्याचीही. ती आमच्या सध्याच्याच प्लॅनमध्ये चालू करून द्यावी.

दुरुस्त केलेला सर्व्हर परत जोडला तेव्हा कनेक्शन्स शून्य असल्याने सगळा लोंढा पुन्हा त्याच्यावरच गेला. भार हळूहळू वाढवण्याची व्यवस्था हवी.

या महिन्याचे शुल्क परत मिळावे. पण त्याहून तातडीची गोष्ट वेगळी आहे. ज्यांनी मुदतीत प्रयत्न केला, त्यांना मुदतवाढ मिळवून देण्यासाठी आम्हाला पुरावा लागणार आहे, आणि आमच्या लॉगमध्ये सगळीकडे तुमच्या बॅलन्सरचाच आयपी पत्ता दिसतो. त्या 40 मिनिटांतल्या प्रत्येक विनंतीची वेळ, मूळ आयपी पत्ता आणि उत्तराचा कोड तुमच्याकडेच आहे. त्या नोंदी पुसल्या जाण्याआधी आजच बाजूला काढून ठेवाव्यात आणि आमच्याकडे पाठवाव्यात.

कळावे,
आपला ग्राहक