झिणझिण्या कुठवर आल्या?

चि. निनाद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शस्त्रक्रियेला चार महिने होऊनही अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिरच आहेत, मात्र मधल्या बोटाच्या मुळाशी टिचकी मारली की टोकापर्यंत झिणझिण्या जातात, असे तू लिहिले आहेस. तू त्याने कंटाळला आहेस. मला मात्र त्या झिणझिण्यांनीच धीर आला. इतकी वर्षे वर्गात चेतासंस्था शिकवली, ती आज तुझ्या हातासाठी पुन्हा मांडते.

काचेने तुझ्या मनगटातली मीडियन नर्व्ह, म्हणजे अंगठा आणि शेजारच्या बोटांकडे जाणारी चेता, कापली गेली. टाके बसले ते तिच्या आवरणाला. आतील अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारे चेतापेशींचे लांब धागे, टाक्यांनी जुळत नाहीत. मूळ पेशीपासून तुटलेला पुढचा तंतू मरतोच, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेच्या चेता कापून दाखवले होते. पण तंतूभोवतीच्या श्वान पेशी (थिओडोर श्वान यांच्या नावाच्या) मरत नाहीत. त्या मायेलिनचे वेष्टन टाकून देतात, भक्षकपेशींच्या मदतीने पडझड साफ करतात, जुन्या नळ्यांमध्ये एकामागोमाग एक रांगेने उभ्या राहतात आणि एनजीएफ, बीडीएनएफ, जीडीएनएफ असे वाढघटक स्रवू लागतात. नव्या तंतूचे टोक ते घटक टिपत त्या रांगेवरून पुढे सरकते, आणि त्याच वेळी घटक पोचल्याचा निरोप तंतूतून उलट मानेजवळच्या मूळ पेशीपर्यंत, म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक अंतर, जातो. तेव्हा कुठे ती पेशी तग धरते आणि बांधकामाचे साहित्य पाठवत राहते. एनजीएफ मुख्यतः वेदना जाणणाऱ्या तंतूंना लागतो, तर स्नायूंकडे जाणारे तंतू बीडीएनएफ व जीडीएनएफ यांवर अधिक अवलंबून असतात.

यांतला पहिला घटक, एनजीएफ, सापडला त्याची हकिकत मला फार प्रिय आहे. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ज्यू असल्यामुळे १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी त्यांना विद्यापीठाबाहेर काढले, तेव्हा त्यांनी तुरीनमधल्या घरी, झोपायच्या खोलीत, शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांच्या चेता तपासल्या. पुढे अमेरिकेत, उंदराची कर्करोगाची गाठ भ्रूणाला जोडल्यावर चेतातंतू तिच्याकडे भराभर वाढतात असे त्यांना दिसले. त्यामागचा पदार्थ स्टॅन्ली कोहेन यांनी शुद्ध केला, आणि १९८६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले.

आता तुझ्या मित्राने सुचवलेल्या "ग्रोथ फॅक्टर" इंजेक्शनविषयी. ते घेऊ नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मधुमेहाने चेता बिघडलेल्या रुग्णांना एनजीएफ टोचून पाहिले, तेव्हा टोचल्या जागी वेदना झाल्या आणि मोठ्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही. उंदरांच्या चेतेत एका जागी जीडीएनएफ फार वाढवला, तर तंतू तिथेच गुंतून बसतात आणि पुढे जात नाहीत. म्हणजे घटक नुसता असून भागत नाही. तो योग्य जागी, योग्य वेळी आणि बेताने मिळावा लागतो. डोळ्याच्या बुबुळावरील चेतांसाठी एनजीएफचे थेंब अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले, पण मनगटात कापलेल्या चेतेसाठी सिद्ध झालेले असे औषध आज उपलब्ध नाही.

टिचकीने जिथे झिणझिण्या येतात, तिथवर नव्या तंतूंची टोके पोचली असे समजतात. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि सुरुवातीचे काही आठवडे कापलेली जागा ओलांडण्यात जातात. मनगटापासून बोटाच्या मुळापर्यंत सुमारे दहा सेंटिमीटर धरले, तर चार महिन्यांत तंतूंनी तिथवर यावे हे हिशेबाला धरूनच आहे. श्वान पेशींचा हा जोम काही महिन्यांनी ओसरू लागतो, म्हणून टाके वेळेत पडले याचे मला फार समाधान वाटते.

बोटांना चटका कळत नाही, तेव्हा चुलीवरचे भांडे उजव्या हाताने उचलू नकोस. डोळे मिटून कापूस, सुतळी, तांदूळ ओळखण्याचा सराव फिजिओथेरपिस्ट सांगतील तसा चालू ठेव. दर रविवारी टिचकी मारून झिणझिण्या जिथून सुरू होतात तिथे पेनाने खूण कर आणि मनगटापासूनचे अंतर मला कळव. मी इथे वहीत तारखेसह मांडून ठेवते आहे.

तुझी,
आई