गल्ल्यावर आता तात्या बसतील

पुणे, 25 एप्रिल 2021

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात. तू म्हणतेस, "तूच सांग बाई त्यांना." म्हणून लिहायला बसले. पार्सल उघडलं की आधी हे वाचा, मशीनकडं नंतर वळा.

बाबा, ठरलंय ते आधी सांगून टाकते. हे पत्र हातात पडेल त्या दिवसापासून तुम्ही आपल्या भडंगाच्या दुकानात जायचं नाही. गल्ल्यावर तात्या बसतील. दादाशी बोलून झालंय, तात्यांशीही झालंय. "मालक असताना मी तिथं कसा बसू" म्हणून ते अडून बसले होते. शेवटी मी म्हटलं, खुर्ची रिकामी ठेवा आणि स्टुलावर बसा, मग कबूल झाले. तेव्हा त्यांच्यावर रागवू नका. रागवायचं तर माझ्यावर.

आता म्हणाल, वर्षभर काही झालं नाही, मग आत्ताच काय? बाबा, पूर्वी दिवसभर विखरून येणारं गिऱ्हाईक आता सकाळी सात ते अकरात दाटतं. गर्दी कमी व्हावी म्हणून सरकारनं वेळ कमी केली, आणि सांगलीत आपल्या बोळात उलटंच झालं. परवा आईनं व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मागं मला सगळं दिसत होतं. माणसं काउंटरवर ओणवी झालेली, अर्ध्यांचे मास्क हनुवटीवर, आणि तुम्ही त्यांना नीट ऐकू यावं म्हणून स्वतःचा मास्क खाली ओढून भाव सांगत होता. तुमची शुगर, तुमचं वय, आणि कोरोनाच्या लशीचा दुसरा डोस अजून व्हायचाय. पुण्यात बेडसाठी माणसं कशी फिरताहेत ते मी इथं रोज बघतेय, ते सगळं लिहीत नाही. मी स्वतः आले असते, पण जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास मिळाला तरी इथून निघून तुमच्या घरात काय घेऊन येईन, याचीच मला जास्त धास्ती वाटते.

दुकान बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच आदेशात घरपोच द्यायला रात्री आठपर्यंत मुभा आहे, ती आपण वापरायची. ऑर्डर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर घ्यायची. सकाळी तात्या शटर अर्ध्यावर ठेवून बाहेर टेबल लावतील. नाव सांगायचं, पुडा उचलायचा, निघायचं. विश्रामबागेपर्यंतचे पुडे तात्यांचा भाचा सायकलवरून पोचवेल. त्या दोघांसाठीही एन-95 मास्क पाठवलेत, त्यांच्याही घरी लेकरं आहेत.

खरी गोष्ट बाबा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. आपलं निम्मं गिऱ्हाईक एसटीनं यायचं. कुणी माहेरी आलेलं, कुणी लग्नाला आलेलं, परत पुण्या-मुंबईला जाताना दोन-दोन किलो भडंग बांधून न्यायचं. ती गाडीच थांबली. मागच्या उन्हाळ्यापासून गल्ला का बसलाय याला तुमची चव कारण नाही. माणूस सांगलीला येत नाही, तर भडंग त्याच्याकडं गेलं पाहिजे.

पण आपल्या त्या पातळ पिशवीत ते पुण्यापर्यंत टिकत नाही. तुम्ही मेणबत्तीवर तोंड चिकटवून दिलेला पुडा मी मागं नेला होता, तो चार दिवसांत सादळला. म्हणून हा सीलर आणि आतून चंदेरी असलेले जाड पाऊच. तात्यांना एकच गोष्ट घोटून घोटून सांगा: फोडणी देऊन मिसळलेलं भडंग पुरतं गार झाल्याशिवाय भरायचं नाही. हाताला जरा जरी कोमट लागलं तरी आत वाफ धरते आणि चुरमुरे गेले. सीलरच्या पट्टीवर मसाल्याचा कण राहिला तर तोंड नीट चिकटत नाही, तेव्हा पाऊचचं तोंड आतून पुसून घ्यायचं. अर्थात हे मी तुम्हाला काय शिकवणार!

एफएसएसएआयच्या, म्हणजे खाद्यपदार्थ विकायला लागणाऱ्या सरकारी नोंदणीचं दादानं ऑनलाइन भरलंय. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असली की वर्षाला 100 रुपये, एवढंच. चौदा आकडी नंबर आला की लेबल छापू. त्यावर बनवल्याची तारीख, वजन, किंमत, काय काय घातलंय ते आणि शाकाहारीचा हिरवा ठिपका. आणि दुकानाचं नाव तुमच्याच अक्षरात. पाटीचा फोटो मी काढून ठेवलाय.

एक गोष्ट तुम्हाला जड जाणार, ठाऊक आहे. चव बघायला तळहातावर मूठभर द्यायची, ते आता बंद. गिऱ्हाईक हात पुढं करायचं, तुम्ही डब्यातून मूठ भरून घालायचा, वरून एक तळलेली लसणाची पाकळी ठेवायचा आणि ते चावेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत राहायचा. शाळा सुटल्यावर मी तेलाच्या डब्यावर बसून ते बघायचे आणि माझ्या वाटणीचे शेंगदाणे कधी येतात याची वाट बघायचे. तुम्ही ते निवडून माझ्या फ्रॉकच्या खिशात टाकायचा आणि खिसा तेलकट झाला की रात्री आई दोघांनाही बोलायची. आठवतंय ना गं आई?

तुम्हाला बाजूला काढलं असं मनात आणू नका. मसाला घरातच होतो, तो तुमच्याच हातचा राहील. रोजच्या घाण्यातली एक वाटी तात्या घरी पाठवतील, तुम्ही चाखून "हो" म्हटल्याशिवाय पाऊच भरायचे नाहीत. ऑर्डरचा फोनही तुम्हीच घ्यायचा. कोण किती तिखट खातं ते त्या वहीत कुठं लिहिलंय? तुमच्याच डोक्यात आहे.

पैशांसाठी काउंटरवर क्यूआर कोड लावतोय, आईच्या खात्याचा. गिऱ्हाईकानं दाखवलेल्या स्क्रीनवर जायचं नाही, आपल्या फोनवर आले तरच आले. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी पिन टाका म्हणालं की फोन ठेवून द्यायचा.

आई, तुझ्यासाठी. खिडकीजवळची आरामखुर्ची बोळाच्या बाजूला वळवून दे, त्यांना येणारं-जाणारं दिसलं की बरं वाटेल. पेपर तिथंच. चहा बिनसाखरेचाच, आणि आंबा आला म्हणून रोज फोड नको. शुगरच्या पट्ट्या आणि महिन्याच्या गोळ्या पार्सलमध्ये खाली आहेत. ऑक्सिमीटरही आहे. सकाळ-संध्याकाळ दोघांनीही बघायचं. बोट गार असेल तर आधी चोळून ऊब आणायची. शंका आली तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालून परत बघायचं. 94 च्या खाली गेलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरकाकांना आणि मला फोन. "सकाळी बघू" चालणार नाही. तुझे गुडघे दुखतात म्हणून मसाला कांडायला खाली बसू नकोस, मिक्सर कशाला दिलाय?

आणि बाबा, "पुराच्या वेळी नव्हतो का गेलो दुकानात" हे ऐकवू नका. तेव्हा मी काय म्हणाले होते तेही तुम्हाला आठवतंय. पुराचं पाणी निदान डोळ्यांना दिसत होतं.

पाऊच सध्या थोडेच पाठवलेत. पहिले दहा भरून एक माझ्याकडं टपालानं पाठवा, सादळतं का बघते, मग पुढची ऑर्डर देते. दुसऱ्या डोसची तारीख कळली की दादाला गाडी घेऊन यायला सांगा, रिक्षानं जाऊ नका.

तुमची,
सोनी

ता. क. सीलरची वायर आखूड आहे. एक्स्टेंशन घ्या, पण तेलाच्या कढईपासून लांब ठेवा.