'कुठं लागलंय तुला? दाखव की.'

प्रति,
मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : रुग्णवाहिका, अग्निशमन आणि बचावकार्यातल्या माणसांना कामामुळे होणारा मानसिक आघात नुकसानभरपाईच्या कायद्यात घेण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सांगलीवाडीची. एका पतसंस्थेत सतरा वर्षं क्लार्क आहे. माझा धाकटा भाऊ एका ठेकेदाराकडे रुग्णवाहिकेवर चालक आहे, त्याला अकरा वर्षं झाली. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्याला अजून तिथंच नोकरी करायची आहे.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. गाळप हंगाम भरात होता. सकाळचं धुकं, रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी राहिलेली उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. एक बाप मोटारसायकलवरून मुलाला शाळेत सोडायला निघाला होता. आमच्या भागात राहणाऱ्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. भाऊ पोचला तेव्हा बाप शुद्धीवर होता आणि मुलाचा श्वास चालू होता. मुलगा दवाखाना यायच्या आधीच गेला.

दुपारी गाडी धुताना (गाडी धुणं हेही चालकाचंच काम) स्ट्रेचरच्या खाली त्याला एक बूट सापडला. शाळेचा काळा बूट, डाव्या पायाचा. लेसला दुहेरी गाठ होती. सकाळी घाईत कुणीतरी घट्ट मारून दिलेली, दिवसभर सुटू नये म्हणून. त्या घरी जाऊन बूट द्यायची त्याची हिंमत झाली नाही आणि टाकून देणंही जमलं नाही. जॅक आणि पान्यांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळून, त्यानं तो चार महिने लपवून ठेवला. आम्हाला घरात कुणाला माहीत नव्हतं.

आम्हाला दिसत होतं ते वेगळंच. माझी भाची तेव्हा दुसरीत होती. रोज सकाळी तिच्या लेस भाऊ बांधायचा. एक दिवस तो तिच्यापुढे बसला आणि हात तसेच थांबले. मग उठून बाहेर गेला. त्या संध्याकाळी वहिनीनं वेलक्रोचे बूट आणले. रात्री दोन-अडीचला तो उठून ओट्यावर बसायचा. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा. जो माणूस पोरीवर कधी आवाज चढवत नव्हता, तो ताटात मीठ कमी म्हणून ताट सरकवायला लागला. आणि त्यानं तो रस्ता सोडला. एकदा पेशंट घेऊन येताना तो नऊ किलोमीटरचा वळसा घालून आला. जीपीएसवर ते दिसलं आणि नोटीस आली. नोटीस देणारा चुकला असं मी म्हणणार नाही. मागे पेशंट असताना वळसा घालणं जीवघेणं आहे, हे भावालाही कळतं. त्याला ते कळत होतं आणि तरी स्टिअरिंग त्या रस्त्याला वळत नव्हतं. आजार आजार म्हणतात तो हाच.

सुट्टी मागायला गेला तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "कुठं लागलंय तुला? दाखव की."

मिरजेला मानसोपचार तज्ज्ञांकडे आम्ही त्याला जूनमध्ये नेलं. त्यांनी आघातोत्तर ताणविकार असं निदान लिहून दिलं. पीटीएसडी. गोळ्या सुरू केल्या, दर आठवड्याला समुपदेशनाला बोलावलं आणि तीन महिने गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. तीन महिने पगार नाही. मग मी भरपाईचा अर्ज आणला. त्यावर माणसाच्या शरीराचं चित्र होतं, एक पुढून, एक मागून. इजा झालेल्या जागी फुली मारायची होती. भाऊ पेन हातात धरून कितीतरी वेळ बसला आणि शेवटी त्यानं डोक्यावर फुली मारली. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला : डोक्याचा सीटी स्कॅन जोडावा. तो काढला. स्कॅन नॉर्मल आला. दावा नामंजूर झाला. व्यावसायिक आजारांच्या यादीत हा आजार नाही, असं एका ओळीत लिहिलं होतं.

वहिनीच्या पाटल्या आमच्याच पतसंस्थेत ठेवल्या. सराफानं वजन केलं, तारण कर्जाची पावती मी लिहिली. घरच्या माणसाची पावती लिहायची वेळ माझ्यावर त्याआधी आली नव्हती.

ती यादी मी त्यानंतर वाचली. तेव्हा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ लागू होता. त्याची तिसरी अनुसूची म्हणजे ही यादी. यादीतल्या आजाराचं एक महत्त्व असतं. ठरावीक काम करणाऱ्याला ठरावीक आजार झाला की तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, तसं नाही हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते. त्या यादीत सिलिकोसिस आहे, म्हणजे दगड-वाळूच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. मोठ्या आवाजामुळे येणारं बहिरेपण आहे. उंच डोंगरावर काम करताना फुप्फुसात पाणी होणं आहे. बगॅसोसिससुद्धा आहे, म्हणजे साखर कारखान्यातल्या बगॅसच्या, उसाच्या चोथ्याच्या, धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. आमच्या जिल्ह्यातला बगॅस यार्डवरचा कामगार कायदा करणाऱ्यांना आठवला होता, याचं मला खरंच बरं वाटलं. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अग्निशमन दलातल्या नोकरीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे आगीत जाणारा माणूस कायद्याला माहीत आहे. पण तिसऱ्या अनुसूचीत मनाचा एकही आजार नाही.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात गेला. संहितेलाही तिसरी अनुसूची आहे आणि तीही याबाबत तशीच गप्प आहे. जुन्या कायद्यातलं कलम ३(३) राज्य सरकारला तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन यादीत भर घालायचा अधिकार देत होतं. नव्या संहितेतही भर घालायची वाट ठेवलेली आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, दिल्लीला नाही.

इतर कायद्यांनी हे कधीच मान्य केलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २१(४) विमा कंपन्यांना सांगतं की मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजारासारखाच विमा द्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१० मध्ये व्यावसायिक आजारांची यादी सुधारली, तिच्यात पीटीएसडीचं नाव आहे. डॉक्टर ज्या अमेरिकी निदानपुस्तकाचा आधार घेतात, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत या आजाराचं कारण समजावताना उदाहरणच मानवी अवशेष गोळा करणाऱ्या बचावकर्मींचं दिलं आहे. आजाराच्या व्याख्येतच माझा भाऊ बसलेला आहे, आणि आमच्याकडे त्याला विचारतात, कुठं लागलंय.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानं २०१६ मध्ये कायदा केला : अग्निशामक, पोलीस, पॅरामेडिक यांना पीटीएसडी झाल्याचं निदान झालं तर तो कामामुळेच झाला असं धरायचं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं अग्निशामक आणि पोलिसांसाठी असाच नियम १ जानेवारी २०२० पासून लागू केला. तिथल्या सोयी आपल्याकडे नाहीत हे मला कळतं. पण कामामुळेच झाला असं धरून चालायचं, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. ते फुप्फुसाला, कानाला, कातडीला, म्हणजे फक्त शरीराला लावलं गेलं.

सांगलीत हे कुणाला पटवून द्यायला लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फूट ६ इंचांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. तो आकडा इथं लहान पोरालाही पाठ आहे, घराघरांच्या भिंतीवर रेघ मारलेली आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि सतरा माणसं गेली. ज्यांनी त्या पाण्यातून माणसं ओढून काढली, त्यांच्यापैकी कितीजण त्यानंतर नीट झोपले हे कुणी विचारायला गेलं का? पाणी उतरलं, पंचनामे झाले. भिजलेल्या गव्हाचा पंचनामा झाला, वाहून गेलेल्या म्हशीचा झाला, आणि ते व्हायलाच हवेत. आमच्या घरात पाच फूट पाणी होतं, आम्हीही मदत घेतली. पण बोटीवरच्या माणसाचा पंचनामा करायला रकाना नव्हता.

शेजारी साताऱ्यात वेगळं नाही. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, अडीचशेहून अधिक माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथं दरड कोसळली. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, एकच जण वाचला. ती दरी रायगडच्या हद्दीतली, पण दोर लावून खाली उतरणाऱ्यांत महाबळेश्वरची पोरं होती. त्यांना पगार नाही, मालक नाही, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या दारापर्यंतही ती पोचत नाहीत. घाटात गाडी गेली की प्रशासनाचा पहिला फोन मात्र त्यांनाच जातो.

तुमचे अधिकारी म्हणतील, खोटे दावे येतील. मी पतसंस्थेत काम करते, खोटे कागद मीही पाहिले आहेत. ते पकडायचे कसे हे ठरवता येतं. या निदानाला नियम आहेत. लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात, कामात आणि घरात अडथळा दिसावा लागतो, तज्ज्ञाला पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. कोणत्या दिवशी कोणत्या अपघातावर गाडी गेली याची नोंद ठेकेदाराच्या लॉगबुकात असते. कंबरदुखीच्या दाव्याला तरी एवढा पुरावा कुठं असतो? आणि एक सांगते. आमच्याकडे पुरुषाला 'डोक्याचा डॉक्टर' हे दोन शब्द तोंडातून काढायलाच पाच महिने लागले. फुकट पगारासाठी कुणी हा शिक्का मागून घेणार नाही.

हेही खरं, की अपघात पाहणारा प्रत्येकजण आजारी पडत नाही. बहुतेकजण सावरतात. भावाच्या गाडीवरची नर्स त्या दिवशी तिथंच होती, ती आज व्यवस्थित कामावर आहे. मला त्याचा आनंद आहे. पण एकाच धुळीत काम करणाऱ्या दहांपैकी एकाला सिलिकोसिस झाला म्हणून उरलेल्या नऊ जणांकडे बोट दाखवून आपण त्याचा दावा फेटाळत नाही.

माझं मागणं असं आहे. आघातोत्तर ताणविकार तिसऱ्या अनुसूचीत घाला. रुग्णवाहिकेवरचे चालक आणि मदतनीस, अग्निशमन दलातले जवान, बचाव पथकं, आणि शवविच्छेदनगृहातले सफाई कामगार, ज्यांची आठवण सगळ्यात शेवटी होते, या कामांपुढे तो लिहा. शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञाचं निदान पुरेसं धरा, सीटी स्कॅन मागू नका. तात्पुरत्या अपंगत्वाला कायद्यानं दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के मिळतात, म्हणजे महिन्याला अर्धा पगार. तो अर्धा पगार मिळाला असता तर पाटल्या घरात राहिल्या असत्या, एवढाच हिशोब आहे. केंद्राचा शब्द जिथं लागेल तिथं राज्याच्या वतीनं तुम्ही मागा.

ठेक्याच्या निविदेत ही अट आजही घालता येईल, त्याला अनुसूचीची वाट पाहायची गरज नाही. मानसिक आघाताचा विमा, उपचार चालू असताना नोकरीची हमी, आणि बरा होईपर्यंत गाडीबाहेरचं काम. गाड्यांचे टायर किती किलोमीटरला बदलायचे हे निविदेत असतं, मग हे का नसावं? डोंगरातल्या आणि नदीवरच्या स्वयंसेवकांसाठी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे. त्यानं त्यांची नोंद करून गट विमा काढावा आणि त्यात मनाचे उपचार असावेत.

कृपा करून एक मात्र करू नका. मोठी दुर्घटना झाली की सभागृहात सगळ्यांना बसवून तासाभराचं व्याख्यान द्यायचं आणि फोटो काढायचा, याला उपाय म्हणू नका. घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्यानं हा आजार टळत नाही, असं संशोधन सांगतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चांगला आहे, मी स्वतः रात्री एकदा लावला होता आणि पलीकडच्या मुलीनं नीट ऐकून घेतलं. पण फोनवरून औषधाचे पैसे येत नाहीत.

भाऊ आता गाडीवर परत आहे. झोप बरी आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मागच्या वर्षी तो बूट घेऊन त्या घरी जाऊन आला, मी बरोबर होते. त्या माउलीनं बूट घेतला, गाठ तशीच ठेवली आणि आम्हाला चहा दिला. येताना भाऊ त्याच रस्त्यानं आला.

डॉक्टरांनी त्याला वर्षभर रात्रपाळी नको असं लिहून दिलं होतं. ते वर्ष संपत आलं आहे, आणि नोव्हेंबरपासून गाळप सुरू झालं की रात्रपाळी लावणार असं त्याला सांगितलं आहे. रस्त्यावर ट्रॉल्या असतील. पुन्हा काही झालं तर कोणता अर्ज भरायचा, हे त्याआधी आम्हाला कळवावं. सगळे कागद माझ्याकडे फाईलला लावलेले आहेत. बोलावलंत तर घेऊन येईन.

आपली नम्र,
एका रुग्णवाहिका चालकाची बहीण
सांगलीवाडी, सांगली