केंद्रीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र : आमचं सोयाबीन निघतं तेव्हाच आयात कशी आठवते?

मा. कृषिमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंदाचं सोयाबीन परवा विकलं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, माझ्या मालाला क्विंटलमागे चार हजारही पडले नाहीत. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून माल परत आला. सोंगणीतच पाऊस कोसळला, कोरडा माल आणू कुठून? आडत्यानेही तोच ओलावा दाखवून भाव पाडला. कृषी केंद्राची उधारी आणि मळणीचे पैसे दिल्यावर हातात काही उरलं नाही. बायकोचं गहाण पडलेलं डोरलं याही वर्षी सुटणार नाही.

२०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेला तुमच्या पक्षाने, भाजपने, सोयाबीनला क्विंटलमागे ६,००० रुपये देऊ म्हणून जाहीरनाम्यात छापलं. मतं घेतलीत. भाव कुठे आहे?

त्याच वर्षी निवडणुकीआधी, सप्टेंबरमध्ये, कच्च्या सोयातेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलंत, तेव्हा बाहेरचं तेल महागून आमच्या मालाला भाव येईल, अशी आशा वाटली होती. मे २०२५ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, ते १० वर आणलंत. २०२१ मध्ये तर भाव दहा हजारांच्या घरात असताना, ऑगस्टमध्ये, १२ लाख टन जीएम (जनुकांत बदल केलेल्या) सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला दार उघडलं गेलं. नवं पीक येईपर्यंत भाव निम्म्यावर. जीएम सोयाबीन आम्ही पेरायचं नाही, परदेशी शेतकऱ्याने पेरलेल्याचं तेल मात्र चालतं, आणि २०२१ मध्ये पेंडही चालली. हा कुठला न्याय?

चीनकडे बघा. जगाच्या बाजारात येणाऱ्या सोयाबीनपैकी निम्म्याहून जास्त तो एकटा उचलतो, वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास. पण तो दाणा आणतो. गाळप त्याच्याच कारखान्यांत होतं, पेंड त्याच्याच जनावरांना जाते. अमेरिकेशी बिनसलं की ब्राझीलकडून माल घेतो. आपण अर्जेंटिना-ब्राझीलचं गाळलेलं तेल आणतो, म्हणजे गाळपाची मजुरीही तिकडेच ठेवून येतो.

शुल्क अर्थखात्याचं, असं म्हणाल. शेतकऱ्याला या खात्यातून त्या खात्यात फिरवणं आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. तेल थोडं महागलं की दिल्लीत रातोरात अधिसूचना निघते. आमचा भाव पडतो तेव्हा बारदानासुद्धा वेळेवर येत नाही. महागाई रोखायची ती दरवेळी आमच्याच घामातून का?

सप्टेंबर ते जानेवारी शुल्काला हात लावू नका. बाजारभाव हमीभावाखाली गेला की शुल्क आपोआप वाढेल, असा नियम करा. २०२४ मध्ये दिली तशी १५ टक्के ओलाव्याची सवलत कायम करा. आणि ६,००० कधी देणार, ती तारीख लेखी कळवा.

एक सोयाबीन उत्पादक