खोकड विहिरीतून काढून देणाऱ्या वन विभागाच्या गार्डसाहेबांस

गार्डसाहेब,
सप्रेम नमस्कार.

बिनकठड्याच्या विहिरीतून खोकड (कोल्ह्याहून लहान, माळावरचं रानजनावर) जिवंत वर आलं, त्याबद्दल वस्तीवरच्या सगळ्यांतर्फे तुमचे मनापासून आभार. हे पत्र जाहीर लिहितोय, कारण नान्नजच्या माळाला लागून असलेल्या शिवारात अशा विहिरी अजून आहेत. चैत्र-वैशाखात ओढे आटले की खोकड, कोल्हा, लांडगा पाण्यासाठी वस्तीजवळ येतात, आणि अंधारात पाय घसरतो.

तुम्ही आल्या आल्या आधी मोटर पाहिलीत. स्टार्टर ऑटोवर असला तर रात्रीची लाईट येताच पंप आपोआप सुरू होतो, हे गडबडीत कुणाच्या ध्यानात येत नाही. ऑटो बंद करून फ्यूज काढायला लावलेत, ते बरं केलंत.

गळफास टाकू दिला नाहीत. दमलेलं जनावर दोराला लटकलं की गळाच आवळतो. शिडीचाही उपयोग नसतो. उभ्या शिडीवर मांजर चढेल, खोकड नाही. तुमचं बाजलं मात्र कामाचं. चारी खुरांना वेगळे दोर आणि चार बाजूंना चार माणसं. चारी दोर एका गाठीत घेतले तर जनावर कडेला सरकताच बाजलं कलंडतं. खाली दोन रिकामे, झाकण घट्ट लावलेले कॅन बांधायचे, म्हणजे ते तरंगतं. सुंभ वीतभर पाण्याखाली राहिला पाहिजे, नाहीतर दमलेल्या जिवाला वर चढता येत नाही. चढल्यावर लगेच ओढायचं नाही, दम खाऊ द्यायचा. घाईनं हिसका बसला की ते पुन्हा पाण्यात उडी घेतं.

वर आल्यावरची तुमची शिस्त तर खरी शिकण्यासारखी. कुत्री बांधलेली, माणसं एकाच बाजूला, समोरची बाजू मोकळी. बॅटरीचा झोत डोळ्यावर नाही. मोबाईलवाल्यांना तुम्ही जे सुनावलंत ते इथं लिहीत नाही, पण गरजेचं होतं. हातानं धरायचं नाही, हेही सांगितलंत. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना न लावता तडक सरकारी दवाखाना गाठून रेबीजची लस घ्यायची.

आता कठड्याचं. दगडी बांधकाम होईपर्यंत विहिरीभोवतीच्या तारेच्या कुंपणाच्या आत बाभळीच्या फांद्या जमिनीलगत दाट लावल्यात. नुसत्या तारेखालून खोकड सहज जातं. विहिरीपासून लांब, बांधाकडेला उथळ पाणवठा केलाय. त्यात उतरता दगड ठेवलाय, म्हणजे पडलेली खार, सरडाही बाहेर येईल. पाणी एक दिवसाआड बदलतो, नाहीतर डास होतात.

वन विभागाचा 1926 हा नंबर स्टार्टरच्या पेटीवर रंगवून घेतलाय. बाजलं आणि दोर पंपघरातच असतात. शेजारच्या वस्त्यांना लागलं तर घेऊन जावं, विचारायला थांबू नये.

आपले,
वस्तीवरचे शेतकरी
उत्तर सोलापूर