कोझी पॉवेल मी शेवटपर्यंत वाचला

बाळा,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलोय. रागानं नाही. रविवारी तू ताटावरनं उठलास, तांबडा रस्सा वाटीत तसाच राहिला, आई म्हणाली जाऊ द्या ओ त्याला, डोकं शांत झालं की येईल परत, आणि मी जाऊ दिलं. ते चुकलं माझं. बँडचं म्हणत नाही मी, बँडचं नंतर बोलू. रात्री अकरा वाजता तुला पुण्याला गाडी काढू द्यायला नको होती. मागची सीट पाडून ड्रम कोंबलेले, आरशात मागचं काही दिसत नव्हतं, आणि तू तिरीमिरीत. शिरोली नाक्यापर्यंत तरी मागनं यावं म्हणून मी चप्पल घातली पण आईनं स्कूटरची किल्ली मुठीत धरून ठेवली. मग मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी माझ्या मेसेजवर दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तेवढ्यावर समजलो पोचला म्हणून, आणि आत येऊन झोपलो.

आता बँडचं. पाच वर्षांत चार झाले, हा पाचवा, तुझं कुठं टिकतच नाही, असं मी म्हणालो. हे मी परत घेतो. म्हणताना कळत होतं की लागणार आहे तरी म्हणालो. त्यावर तू म्हणालास, पप्पा, कोझी पॉवेलनं किती बँड बदलले माहीत आहे काय तुम्हाला. नव्हतं माहीत. बारा वर्षं तो इंग्लंडचा ड्रमर तुझ्या खोलीच्या भिंतीवर दोन बेस ड्रमच्या मागं बसलाय, रोज सकाळी खिडकी उघडायला मी तिथं जातो, आणि कोण हा म्हणून एकदाही तुला विचारलं नाही. म्हणून सोमवारी वर्कशॉपला गेलोच नाही. मोबाइल घेऊन बसलो आणि सगळं वाचून काढलं, इंग्लिश अडलं तिथं ताईला फोन करून विचारलं.

जेफ बेकच्या ग्रुपमध्ये होता. मग १९७३ ला स्वतःच्या एकट्याच्या नावावर रेकॉर्ड काढली, ज्यात ड्रमच पुढं, आणि ती इंग्लंडच्या यादीत तिसऱ्या नंबरला गेली. ड्रमवाल्याची रेकॉर्ड! मग रेनबो नावाच्या बँडमध्ये पाचेक वर्षं, आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या रेसच्या मैदानात एवढ्या गर्दीपुढं शेवटचा शो वाजवून ते सोडलं. मग मायकल शेंकर, मग व्हाइटस्नेक, मग तो इमर्सन आणि लेक बरोबर, जिथं आधीच्या ड्रमरचं आडनाव पामर होतं आणि हा पॉवेल, त्यामुळं ईएलपी ह्या बँडच्या नावातला पी तसाच राहिला, हे वाचून मला फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही. मग ब्लॅक सॅबथ. मग क्वीनमधला तो केसाळ गिटारवाला, ब्रायन मे, त्याच्याबरोबर. वाचता वाचता मला उलगडलं की ह्याला कुणी काढत नव्हतं, ह्याला लोक न्यायला येत होते. आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरला चांगल्या टर्नरचं असंच असतं की रे. एका शेडमध्ये काम करतोय तोवर दुसरा मालक चहाच्या गाड्यावर गाठून विचारतो, येतोस काय आमच्याकडं. लग्नाआधी मी स्वतः सात ठिकाणी लेथवर उभा राहिलोय. तुझ्या आजोबांनी मला कधी टिकत नाहीस म्हटलं नाही. मग मी तुला कोणत्या तोंडानं म्हणालो.

पण बाळा मी शेवटपर्यंत वाचलं. तू वाचलंयस काय?

५ एप्रिल १९९८. ब्रिस्टलजवळ एम-४ म्हणून त्यांचा हायवे आहे, आपला ४८ नंबर आहे तसा. हवा खराब होती. स्वतःची गाडी स्वतः चालवत होता, ताशी एकशे चार मैल, म्हणजे १६७ किलोमीटर, मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. बेल्ट लावलेला नव्हता. हातात फोन होता, बोलणं चालू होतं. पन्नास वर्षांचा होता. एवढ्या बँडमध्ये जाऊन आलेला माणूस, आणि ह्यातल्या कुठल्याच बँडनं त्याचं काही वाईट केलेलं नाही.

हे लिहायचं नव्हतं मला. आईनं बजावलं होतं, पत्रात गाडीचा विषय काढू नका, आधीच तो चिडलाय.

दुसरं काहीतरी लिहितो. तुला खासबागचं आठवतं काय? तू सहा वर्षांचा होतास, मोठ्या कुस्तीला तुला खांद्यावर घेऊन गेलो होतो. खाली लाल मातीत जोड लागलेली, सगळं मैदान उभं राहिलेलं, आणि तू कुस्तीकडं पाठ करून मान वळवून बसलेला. मी म्हटलं बघतोय काय हा. तर कडेला एक हलगीवाला कागद पेटवून त्यावर हलगी शेकत होता. कातडं जरा शेकायचा, अंगठ्यानं दाबायचा, कानाजवळ नेऊन एक टिचकी मारायचा, परत शेकायचा. मग उजव्या हातात ते जाड टिपरू आणि डाव्या हातात बारीक लांब काडी घेऊन त्यानं सुरुवात केली तेव्हा तुझे दोन्ही पाय माझ्या छातीवर वाजायला लागले. एकसारखे नाही, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. निकाल काय लागला मला आठवत नाही. तुझ्या टाचा आठवतात. आत्या त्या वेळी म्हणाली होती, ह्याला तबल्याला घाला, आणि आपण घातलं, आणि तू तीन महिन्यांत पळून आलास कारण तिथं पायाला काम नव्हतं.

आणि तो क्लच. कॉलेजचं गॅदरिंग केशवराव भोसले नाट्यगृहाला, आदल्या संध्याकाळी सात वाजता तू रडवेला होऊन शेडवर आलास, हायहॅटचा क्लच तुटला म्हणून. मला तेव्हा हायहॅट कशाला म्हणतात हे पण माहीत नव्हतं. तू तो स्टँड लेथच्या शेजारी मांडून दाखवलास, खालची झांज उताणी बसते, वरची ह्या रॉडला धरलेली असते, पाय दाबला की ती खाली येऊन मिटते, आणि तिला रॉडवर धरून ठेवणारा तुकडा म्हणजे हा क्लच. एवढाच तुकडा. व्हर्नियरनं रॉड मोजला, सहा मिलीच्या किंचित वर. स्क्रॅपमध्ये पितळेचा बार होता, तो चकमध्ये धरला, भोक पाडलं, बाहेरनं आटे पाडले, दोन चपट्या नट बसवल्या, बाजूनं घट्ट करायला पंखाचा स्क्रू. पितळेचा चुरा तुझ्या शर्टावर उडत होता आणि तू वाकून बघत होतास. साडेनऊला तू तो बसवून पाय मारलास आणि टिच् असा आवाज आला तेव्हा माझ्याकडं जे बघितलंस ना, ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी आलो होतो. तुला सांगितलं नव्हतं. सगळ्यात मागच्या रांगेत उभा होतो, कामाच्या कपड्यांत होतो म्हणून पुढं आलो नाही. गाणं काय कळलं नाही, गिटारचा नुसता कल्लोळ, पण त्या सगळ्यातनं मला टिच् टिच् तेवढं ऐकू येत होतं. लेथच्या आणि पॉवर हॅमरच्या आवाजात तीस वर्षं काढलेले हे कान, बारीक आवाज गेलेत त्यातले, पण ते आलं. २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं जाऊन रस्त्यावर उभा राहिलो आणि तुला फोन लावला, आपण दोघं काही बोललोच नाही, नुसता फोन धरून होतो. हा क्लच चारही बँडमध्ये तुझ्याबरोबर फिरला हे मला ताईनं सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस.

कानाचं निघालं म्हणून सांगतो, ते कानात घालायचे प्लग घालत जा. ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, शंभरला पंधरा मिनिटंच उरतात. तू दोन दोन तास त्यात बसतोस.

आणि हे पण वाचलं की बिल ब्रुफर्ड म्हणून एक ड्रमर आहे, त्यानं १९७२ ला येस नावाचा चाललेला बँड सोडला, किंग क्रिमसनमध्ये गेला, १९७६ ला जेनेसिसबरोबर पण दौऱ्यावर होता. २००९ ला वाजवणं बंद केलं आणि नंतर ड्रमवरच अभ्यास करून पीएचडी केली. तर मला असं म्हणायचं होतं की तुझी डिग्री अर्धी राहिलीय, दोन विषयांचाच प्रश्न आहे, फॉर्म भरला तर दिवाळीनंतर… नाही. हे बघ, परत सुरू झालं माझं. माफ कर. चार ओळी तुझ्या बाजूनं लिहिल्या की पाचवी आपोआप हुकूम होते. खोडत नाही, तुला कळू दे की मला पण कळतंय.

पण रात्रीच्या गाडीचं मला बोलू दे, एकदाच.

तुमचा शो दहा-साडेदहाला संपतो. गायक माइक ठेवून निघतो, गिटारवाले पिशवी पाठीला लावून निघतात, आणि तू एकटा राहतोस, झांजा काढ, स्टँड मीट, कव्हरं घाल, जिन्यानं खाली ने. एक वाजतो. अंग तापलेलं असतं, कानात अजून वाजत असतं, म्हणून झोप येत नाही आणि तुला वाटतं मी चांगला जागा आहे. ती झोप दोन तास थांबून येते, बाळा. मी तिसरी पाळी अकरा वर्षं केलीय. बारा वाजता माणूस ताजा असतो, दोनला पण ताजा असतो, साडेतीन ते पाच डोळे उघडे ठेवून झोपतो आणि त्याला स्वतःला कळत नाही. माझं बोट गेलं ते पावणेचारला. मशीन नेहमीचंच होतं, काम नेहमीचंच होतं. आणि आता सातारा ते कागल सहा पदरीचं काम, जागोजागी डायव्हर्जन, काल होतं ते वळण आज दुसरीकडं. खंबाटकीचा उतार तर तुला मी सांगायला नको.

आप्पा गेला त्या वेळी फोन शेजारच्यांकडं आला होता. पहाटे. आपल्याकडं फोन नव्हता तेव्हा. ते काका दारात येऊन उभे राहिले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. त्यानंतर मला पहाटेच्या कुठल्याही आवाजाची भीती बसलीय, दूधवाल्याच्या सायकलची पण. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तू लहान होतास, आणि नंतर तू मोठा झालास तेव्हा सांगायची सवय राहिली नाही. रविवारी ताटावर मी जे बोललो ते बँडबद्दल बोललो, पण मला दिसत होतं ते घड्याळ. पावणेअकरा झाले होते आणि तू जाण्याची भाषा करत होतास, आणि तुला थांब म्हणायचं सोडून मी दुसरंच बोलत सुटलो.

त्या पॉवेलचं अजून एक वाचलं. एकदा घोडा त्याच्या अंगावर पडला आणि कंबर मोडली, तर ब्लॅक सॅबथनं त्या रेकॉर्डला दुसरा ड्रमर घेतला. एवढा मोठा माणूस, पण अंग चालेना म्हटल्यावर जागा रिकामी ठेवत नाहीत. तुझं हत्यार ड्रम नाही, तुझे हातपाय आहेत. लेथवरचा टूल तुटला तर मी दुसरा लावतो.

नव्या बँडमधली ती मुलं कशी आहेत? गाणारी मुलगी साताऱ्याची आहे काय, असं आईनं विचारायला सांगितलंय, मी विचारत नाही. पैसे वेळेवर देतात काय एवढं सांग. त्या दुसऱ्या बँडनं बुडवले ते मला कळलंय, तू आईकडनं घेतलेस ते पण कळलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पाचवा असू दे नाहीतर पंधरावा असू दे. ज्यांना तू हवा असशील ते येतील न्यायला. मी आता कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर ड्रमर आहे म्हणतो. आधी पुण्यात असतो एवढंच म्हणायचो.

शनिवारी साताऱ्यात शो आहे ना तुमचा, ताईनं पोस्टर पाठवलं, तुझा फोटो मागं आहे पण दिसतोय. मी आत्याला फोन केलाय. शो झाला की पुण्याला निघायचं नाही, आत्याकडं झोपायचं, सकाळी नाष्टा करून निघायचं. ती म्हणाली दोन वाजू देत नाहीतर तीन, तिला तसंही झोप नसते. ड्रम जिन्यावरनं वर चढवत बसू नको, गाडी आत अंगणात लाव, फाटकाला कुलूप ती लावेल. तिच्याकडं मी पाकीट पाठवतोय. त्यात दोन क्लच आहेत, काल केले, एक जुन्या मापाचा आणि एक भोक अर्धा मिली मोठं ठेवून, कारण नवीन स्टँडचा रॉड जरा जाड आहे असं ताई म्हणत होती. फेल्टच्या चकत्या मला मिळाल्या नाहीत, त्या तू बघ. नट हातानंच घट्ट कर, पक्कड लावू नको, पितळ आहे.

तुझे पप्पा